जुनी फियाट अडखळते तेव्हा

कोरमंगलातील सोनी वर्ल्ड चौकात दिवा हिरवा होतो. मागे बस उभी असते, दोन्ही बाजूंनी स्कूटरी सरसावलेल्या असतात. जुन्या फियाटचा चालक ॲक्सिलरेटरवर पाय देतो आणि त्याच क्षणी इंजिनाचा आवाज खोल जातो. गाडी क्षणभर जागच्या जागी दम टाकते, मग एकदम गचका देऊन पुढे झेपावते. बंद पडली असती तर निदान मागच्याला कळले असते. ही अर्धवट उचल अधिक धोक्याची. ज्या घरांत प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट ११०० वडिलांची आठवण म्हणून सांभाळली जाते, तेथे हा दोष बहुतेकांच्या परिचयाचा आहे. ‘गाडीचे वय झाले’ एवढे म्हणून तो सोडून दिला जातो, आणि पुढे गाडी भंगारवाल्याच्या दारात जाऊन उभी राहते. वस्तुतः वयाचा संबंध येथे फार थोडा असतो.

ही मोटार मुंबईची. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडल्या. त्याच वालचंदांनी चार वर्षे आधी, डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर सरकारच्या सहकार्याने बंगळुरात विमानांचा कारखाना काढला होता. कोरमंगलापासून तो काही किलोमीटरांवरच आहे. हे येथे सांगण्याचे कारण निराळे आहे. पिस्टन इंजिनाच्या विमानात वैमानिकाच्या हाताशी एक दांडा असतो. विमान उंच चढू लागले की हवा विरळ होते, म्हणून तो दांडा ओढून वैमानिक पेट्रोलचे प्रमाण कमी करतो. मोटारीत असा दांडा नाही. कुर्ल्याला समुद्रसपाटीवर जे प्रमाण ठरले, तेच घेऊन ती नऊशे मीटर उंचीवरच्या बंगळुरात येते.

कार्ब्युरेटरचे काम तसे सरळ आहे. इंजिन हवा ओढते. ती हवा एका अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि शेजारच्या फ्लोटच्या भांड्यातील पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून वर खेचले जाते. आपण पेडल एकदम दाबले की हवा तत्काळ धावते. पेट्रोल मात्र हवेहून कितीतरी जड. ते मागे राहते. तेवढ्या क्षणापुरते मिश्रण पातळ पडते. ही उणीव भरून काढण्यासाठी कार्ब्युरेटरला एक लहानसा पंप असतो. पेडल दाबताच तो गळ्यात पेट्रोलची पिचकारी सोडतो. पंपातील डायफ्रॅम फाटला, ताठरला किंवा पिचकारीचे छिद्र बुजले की फियाट अडखळते.

याची परीक्षा घरच्या अंगणात होते. इंजिन बंद ठेवावे, एअर क्लीनर काढावा, गळ्यात टॉर्चचा प्रकाश टाकून ॲक्सिलरेटरची कांडी हाताने ओढावी. पेट्रोलची सलग, जोरदार धार त्याच क्षणी दिसली पाहिजे. थेंब गळाले, किंवा धार उशिराने आली, तर दोष सापडला. (विडीकाडी दूर ठेवावी, हे सांगावयास नकोच, तरीही सांगतो.)

धार चांगली असूनही गाडी अडखळते तेव्हा ती नेमकी केव्हा अडखळते ते पाहावे. पेडलला पाय लावताच गचका बसत असेल तर स्लो जेट, पंप, अथवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून चोरून शिरणारी हवा यांवर संशय घ्यावा. गाडी वेगात असताना, लांब चढावर दम सोडत असेल, तर पेट्रोल पुरेसे पोचत नाही. फिल्टर, पेट्रोल पंप आणि फ्लोटची पातळी तपासावी. आणखी एक जुनी, बिनखर्चाची युक्ती आहे. इंजिन गरम असताना चोक किंचित ओढून गाडी चालवून पाहावी. अडखळणे कमी झाले तर मिश्रण पातळ आहे. वाढले आणि मागून काळा धूर आला तर ते दाट आहे.

मिश्रण पातळ होण्याचे एक कारण अलीकडचे आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरातच वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे उद्घाटन झाले, आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. या मिश्रणाला साडेतेराच पुरते, कारण इथेनॉलमध्ये प्राणवायू आधीच असतो. नव्या गाडीतील यंत्रणा हा फरक ओळखून पेट्रोल वाढवते. जेटच्या छिद्राला ओळख कसली? त्यातून पूर्वीइतकेच पेट्रोल येते आणि मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडते.

आता बंगळुरची हवा पाहा. नऊशे मीटरवर ती समुद्रकाठच्या हवेहून आठ-नऊ टक्के विरळ असते, आणि त्यामुळे कार्ब्युरेटरचे मिश्रण चार-पाच टक्के दाट होते. म्हणजे इथेनॉल जे हिरावून घेते, त्यातले निम्म्याहून अधिक ही उंची परत देते! मुंबईतील एखाद्या स्नेह्याने मेन जेट दोन आकड्यांनी मोठा बसवला आणि त्याची गाडी सुधारली, म्हणून कोरमंगलातही तेवढाच मोठा जेट बसवणे शहाणपणाचे नाही. येथे छिद्राच्या व्यासात दीड-दोन टक्क्यांची वाढ पुष्कळ झाली. कित्येक गाड्यांना तीही लागत नाही.

इथेनॉलचा खरा उपद्रव रबराला होतो. जुन्या प्रतीचे डायफ्रॅम, नळ्या आणि सील त्यात फुगतात वा चिरतात. शिवाय ते हवेतील ओलावा शोषते. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर पाणी तळाशी वेगळे होऊन फ्लोटच्या भांड्यात गंज धरतो. त्याला वाफ होण्यासाठी उष्णताही पेट्रोलहून दुपटीपेक्षा अधिक लागते, म्हणून डिसेंबरच्या गार सकाळी पहिले दोन मैल गाडी कुरकुरते. ते दोष नव्हे. चोक थोडा अधिक वेळ ठेवावा. जयचामराजेंद्र रस्त्यावरील सुट्या भागांच्या दुकानांत कार्ब्युरेटरचा दुरुस्ती-संच विकत घेताना त्यातील रबर इथेनॉलला टिकणारे आहे का, हे विचारून घ्यावे. स्वस्त संच वर्षभरात पुन्हा तोच प्रसंग आणतो.

पण कार्ब्युरेटर खोलण्यापूर्वी ठिणगी पाहावी. हा क्रम पुष्कळ मेकॅनिकही पाळत नाहीत, आणि त्यामुळेच चांगले कार्ब्युरेटर बिघडतात. पॉइंट जळालेले असले, कंडेन्सर दुबळा झाला, टायमिंग मागे सरकले, तर गाडी अगदी पेट्रोल कमी पडल्यासारखीच वागते. ज्या गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरला हवेच्या ओढीवर चालणारा डायफ्रॅम असतो, त्यांची बारीक नळी काढून तोंडाने हवा ओढावी व टोक जिभेने बंद करावे. ओढ टिकली नाही तर तो फाटला आहे. प्लगही काढून पाहावेत. कोरमंगलाला लागून असलेल्या आडुगोडीत मायकोच्या कारखान्याची उभारणी १९५० च्या दशकात झाली. त्या नावाचे प्लग एके काळी घरोघरच्या गाड्यांत असत. प्लगचे टोक पांढरट दिसले तर मिश्रण पातळ, काजळीने माखले तर दाट, आणि फिकट तपकिरी दिसले तर निश्चिंत असावे.

अँबॅसेडरच्या मालकांसाठी एक वाक्य : ज्या गाडीला एस.यू. कार्ब्युरेटर आहे, तिच्यात असा पंपच नसतो. वरच्या पितळी टोपणाखालील तेल आटले की ती अडखळते. चमचाभर तेल घालून पाहावे.

दोष सापडला नाही की पुष्कळांचा मोह कार्ब्युरेटर काढून नव्या गाडीची यंत्रणा बसवण्याकडे होतो. १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते. ती नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी नसते. पण पद्मिनी हे नाव घेतलेल्या पहिल्या गाड्या १९७४ च्या, म्हणजे आता त्या वयास पोचल्या आहेत. मूळ कार्ब्युरेटर फेकून दिल्यावर हा मार्ग अवघड होतो. काढलेला प्रत्येक जेट, त्यावरील आकडा आणि स्क्रू किती फेरे उघडला होता, हे एका वहीत लिहून ठेवावे. सुमारे २००० सालानंतर नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर नाहीसा झाला. त्यावर हात बसलेले मेकॅनिक आता साठीच्या पुढचे आहेत. ते काम करत असताना शेजारी उभे राहावे, आणि घरातील मुलालाही बरोबर न्यावे.