स्क्लेरोडर्मा आणि पायांची निगा

थंडीच्या दिवसांत घरांतील एखाद्या सुनेच्या पायांचीं बोटें पांढरीं फटक पडतात, मग निळसर होतात, आणि ऊब मिळतांच लाल होऊन ठणकूं लागतात. वडील मंडळी ‘वात आहे’ म्हणून मोकळीं होतात. मोरीस रेनो या फ्रेंच वैद्यानें १८६२ सालीं या लक्षणाचें सविस्तर वर्णन केलें व आजही तें त्याच्याच नांवानें ओळखिलें जातें. पुष्कळांस त्यापासून विशेष अपाय होत नाहीं. परंतु कित्येकदां ती स्क्लेरोडर्मा या रोगाची पहिली सूचना असते. ग्रीक भाषेंत ‘स्क्लेरोस’ म्हणजे कठिण व ‘डर्मा’ म्हणजे त्वचा. शरीराची संरक्षक शक्ति स्वतःवरच उलटते, त्वचा ताठर होते आणि बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात. हा रोग पुरुषांपेक्षां स्त्रियांस अधिक होतो. तो संसर्गानें पसरत नाहीं, हें एकत्र कुटुंबांत मुद्दाम सांगितलें पाहिजे.

औषधयोजना डॉक्टरांची. आम्ही येथें केवळ पायांविषयीं लिहीत आहों. कारण हातांकडे सर्वांची दृष्टि जाते, पाय मात्र जखम होईपर्यंत कोणी पाहत नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका घरीं सासूबाईंनीं अत्यंत मायेनें सुनेचे गारठलेले पाय कढत पाण्यांत बुडविले. रक्त कमी पोंचणाऱ्या त्या पायांस फोड आले व जखम भरण्यास कित्येक महिने लागले. म्हणून पाणी कोमटच असावें, आणि तें घरच्या दुसऱ्या कोणी कोपरानें पाहून द्यावें. शेगडी व गरम पाण्याची पिशवी पायांस लावूं नये. केवळ पाय झांकून भागत नाहीं. छाती, पोट व डोकेंही उबदार राहिलें तरच शरीर पायांकडे रक्त मोकळेपणानें सोडतें. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या कराव्या, व उरलेल्या पावलास व्हॅसलीन किंवा आपलें कोकमाचें तेल हलक्या हातानें लावावें. बेचक्यांत मात्र नको. नखें सरळ कापावीं. तळव्याखालील चरबीची गादी झिजल्यामुळें घट्टे व कुरुपें होतात. त्यांवर पातें चालवूं नये, आणि बिब्बा तर मुळींच घालूं नये, तो निरोगी कातडीही जाळतो. तंबाखू व मशेरी रक्तवाहिन्या आवळतात, तीं सोडलींच पाहिजेत.

खरी अडचण निराळीच आहे. पहांटे शहाबादी फरशीवर अनवाणी वावरणें हा आपल्याकडे नित्याचा परिपाठ. आणि अशा रुग्णाला तर घरांतही मऊ तळाच्या, पुढें ऐसपैस अशा सपाता व सैल लोकरी मोजे हवेत. स्वयंपाकघरांत पादत्राण कसें चालेल, असा प्रश्न त्या घरींही निघाला. आमचें मत विचारलें तेव्हां आम्हीं म्हटलें कीं, केवळ घरांत वापरावयाचा, बाहेरची धूळ न लागलेला निराळा जोड ठेवावा. सोंवळें कोणाचे पाय जाळून राखावयाचें नसतें. सुजलेल्या बोटांत जोडवीं रुतत होतीं, तींही उतरविलीं. तेथें मात्र सुनेचेंच मन फार दुखलें. अखेर तीं देवघरांतील डबींत ठेवलीं.

बोट काळें पडणें, व्रण, पू, किंवा ऊब देऊनही न परतणारा पांढरा-निळा रंग दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. पण हें दिसावयाचें कोणाला? ताठ बोटांनीं व आखडलेल्या सांध्यांनीं स्वतःचा तळवा पाहतां येत नाहीं. तें काम आतां सासूबाईच करतात. वडिलांनीं धाकट्यांचे पाय धरूं नयेत, ही समजूत त्यांनीं बाजूस ठेविली. रोज रात्रीं चष्मा लावून त्या सुनेचें पाऊल मांडीवर घेतात आणि एकेक बोट उजेडाकडे करून पाहतात. पहिले आठ दिवस सून संकोचानें पाय ओढून घेत असे.