गजांआडचे घर
मुंबई-पुण्यातल्या इमारतींत चोरीच्या भीतीने खिडक्यांना बसवलेल्या लोखंडी जाळ्या आग लागली की घरच्यांचीच वाट अडवतात. आगीत बहुतेकदा ज्वाळांआधी धूरच जीव घेतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड काही मिनिटांत शुद्ध हरपवू शकतो. अशा वेळी अंधारात जाळीच्या कुलपाची किल्ली चाचपडणे जिवावर बेतते आणि अग्निशमन दलाचा मोलाचा वेळ गज कापण्यात जातो. जाळीला आतून, किल्लीशिवाय उघडणारी झडप हवीच. घरात लहान मुले असतील तर तिचा खटका उंचावर हवा. भीतीचा दुसरा घाव उशिरा दिसतो. दिवाणखान्यातही कॅमेरा, शेजाऱ्यांनाही दार बंद, खाली खेळायला मनाई. अशाने मुले बुजरी होतात. बंद दाराची झळ वृद्धांनाही बसते: दुपारी घरात एकट्या असलेल्या आजी पडल्या, तर कॅमेऱ्यापेक्षा शेजाऱ्यांकडे ठेवलेली किल्लीच कामी येते.