पत्ता बदलतो, अंतर बदलत नाही

संगणकावर चालणाऱ्या सर्व कार्यक्रमांना मेमरी आणि प्रोसेसरचा वेळ वाटून देणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिहायला घेतलेल्या लिनक्सचा कर्नल आपण उदाहरण म्हणून घेऊ.

कॅमेरा, साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड अशी असंख्य साधने संगणकाला जोडता येतात. ती हाताळणाऱ्या साऱ्या सूचना कर्नलमध्ये कायमच्या भरल्या, तर मेमरी वाया जाईल. म्हणून त्यांचे सुटे भाग करतात. त्यांना मॉड्यूल म्हणतात. लागले की जोडायचे, काम झाले की काढायचे.

चूक शोधताना मात्र हीच सोय अडचणीची ठरते. साध्या कार्यक्रमात चूक झाली, तर कर्नल तेवढा कार्यक्रम बंद करतो. मॉड्यूल कर्नलच्याच मेमरीत, कर्नलच्याच अधिकाराने चालते. त्याच्या चुकीने सगळा संगणक ठप्प होऊ शकतो. अशा वेळी लिनक्स 'ऊप्स' नावाचा संदेश देतो. बिघाड कोणत्या पत्त्यावरील सूचनेपाशी झाला, हे त्यात असते. पण मॉड्यूल तर मोकळी जागा मिळेल तिथे बसते! मग नुसत्या पत्त्यावरून काय कळणार?

समजा, मॉड्यूल ५००० या पत्त्यापासून बसले आणि बिघाड ५३२० वर झाला. संगणक पुन्हा सुरू केल्यावर ते ८४०० पासून बसले आणि बिघाड ८७२० वर झाला. पत्ते वेगळे, पण वजाबाकी दोन्ही वेळा ३२०. म्हणजे जागा एकच. मासिकाची पुरवणी कोणत्याही अंकात बांधली, तरी तिचे तिसरे पान तिसरेच राहते, तसेच हे.

मॉड्यूलमधले प्रत्येक फंक्शन सुरुवातीपासून किती अंतरावर आहे, याची नोंद असते. तिच्याशी ३२० ताडून पाहिले की फंक्शन सापडते. आज कर्नल बहुधा स्वतःच हा हिशोब करून फंक्शनचे नाव छापतो. डीबगर वापरताना मात्र मॉड्यूल कुठे बसले आहे, हे त्याला कळावे लागते.

तरीही घाई नको. मेमरी सामाईक असल्याने एका मॉड्यूलने भलत्या जागी लिहिलेला आकडा दुसऱ्याला पाडू शकतो. बिघाड दिसतो तिथेच चूक असते असे नाही. म्हणूनच ऊप्समध्ये त्या वेळी जोडलेल्या मॉड्यूलांची यादीही असते.

खरे पत्ते सोळाच्या पायावर लिहितात. विद्यार्थ्यांना त्या पद्धतीतले ५००० आणि ५१४० हे पत्ते द्यावेत आणि फरक दशमान पद्धतीत काढायला सांगावा. उत्तर ३२० यायला हवे.