प्राध्यापक आणि त्याची संस्था

प्राध्यापक कशासाठी शिकवितो आणि आपल्या संस्थेकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हे दोन प्रश्न आपण निराळे समजतो. वस्तुतः ते एकमेकांत गुंतलेले आहेत.

पुण्यात 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व पुढल्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघाले. तेथे शिकविणारे आजीव सदस्यच संस्थेचा कारभार पाहत. वेतन अल्प, पण संस्था स्वतःची. आजीव सदस्याने बाहेर अर्थार्जन करावे की नाही, यावर त्यांच्यात तीव्र मतभेद झाले. सर्व शक्ती संस्थेलाच वाहावी, असा टिळकांचा आग्रह होता. 1890 मध्ये ते बाहेर पडले. आगरकर राहिले व 1892 साली प्राचार्य झाले. संस्था परकी असती, तर इतके कोण भांडले असते?

पुढे 1962 साली बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले आणि आपल्या भागातील मुलांस पदवीचे शिक्षण जवळ आले. परंतु आज महाराष्ट्रात कितीतरी प्राध्यापक तासिका तत्त्वावर शिकवितात. तासापुरते मानधन आणि पुढील वर्षाची शाश्वती नाही. अशा स्थितीतही जीव ओतून शिकविणारे आहेत; पण व्यक्तीच्या चांगुलपणावर संस्था किती काळ चालेल? ज्याला उद्याचा भरवसा नाही, त्याने मुलांस विचार करावयास शिकविण्याऐवजी नेमलेला अभ्यासक्रम उरकला, तर दोष एकट्याचा नव्हे.

म्हणून मुलास कॉलेजात घालताना बावड्याच्या पालकाने इमारत अवश्य पाहावी. पण येथे शिकविणारा या संस्थेला ‘आमची’ म्हणतो काय, हेही विचारावे, असे आम्हांस वाटते.