प्रवर्धकांचा नाद खरोखर भिन्न असतो काय?

पालघर, बोईसर-तारापूर परिसरात वारली तारप्याचा नाद उघड्या मैदानावर दूरवर पोहोचवावयाचा झाल्यास कोणता प्रवर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर, निवडावा? 1978 साली इंग्लंडमध्ये जेम्स मॉयर यांनी क्वाड कंपनीचे निर्वात-नलिकांचे व ट्रान्झिस्टरचे प्रवर्धक, ध्वनिपातळी समान राखून आणि ओळख गुप्त ठेवून, श्रोत्यांस ऐकविले. त्यांची उत्तरे केवळ यदृच्छेने यावीत तितकीच बरोबर ठरली. पातळी किंचित चढविली, तर तोच प्रवर्धक कानास अधिक सरस भासतो. पुष्कळसे मतभेद येथूनच उद्भवतात. मात्र शक्ती अपुरी पडताच तरंगांचे शेंडे छाटले जातात व तारप्याच्या नादात परके उपस्वर मिसळतात. हा भेद खरा होय. सबब नाममुद्रेपेक्षा मैदानास पुरेशी शक्ती आहे काय, हे आधी तपासणे इष्ट.