सरकती पट्टी

वेबपानावर आडवी सरकणारी मजकुराची ओळ बहुतेक वेळा ताज्या सूचनेसाठी वापरली जाते. मायक्रोसॉफ्टने १९९०च्या दशकाच्या मध्यास इंटरनेट एक्सप्लोररमध्ये त्यासाठी ‘मार्की’ हा टॅग आणला. उदाहरणार्थ, सोलापुरात जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. ‘यात्रेमुळे वाहतूक मार्गात बदल’ हे शब्द या टॅगच्या उघडत्या आणि मिटत्या खुणांमध्ये लिहिले की ते उजवीकडून डावीकडे सरकू लागतात. वेग ठरवून दिला नाही तर मजकूर दर ८५ मिलिसेकंदांनी ६ पिक्सेल पुढे जातो. म्हणजे ६०० पिक्सेल रुंदीची चौकट ओलांडायला एका अक्षराला साधारण साडेआठ सेकंद लागतात. सावकाश वाचणाऱ्याला, विशेषतः वयस्कर माणसाला, जोडाक्षरे लागेपर्यंत ओळ निघून जाते, ही या सोयीची खरी अडचण आहे.

वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल भाषेच्या प्रमाणकात हा टॅग आता कालबाह्य ठरला आहे, तरी ब्राउझर तो चालवतात. नव्या पानासाठी सीएसएस अ‍ॅनिमेशन बरे. त्यात चौकटीबाहेरचा मजकूर झाकून ओळ सरकवता येते आणि वाचकाने बोट ठेवताच थांबवताही येते. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ हलणारा मजकूर थांबवण्याची सोय असावी, असे वेब सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. वाहतुकीची सूचना मात्र स्थिर ओळीतच द्यावी.