बाराही महिने ट्राउट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

थंडीत रेनबो ट्राउट खात नाही, असं ठामपणे सांगणारे गळवाले भेटतात. ते खरं नाही. पाणी चार-पाच अंशांवर उतरलं की त्याचं पचन मंदावतं, भूक घटते, पण संपत नाही. जोराची धार सोडून तो खोल, संथ डोहाच्या तळाशी जातो आणि तोंडासमोरून वाहत येईल तेवढंच टिपतो. हिवाळ्यात वाहत येतात त्या मुख्यतः चिलटांच्या बारीक अळ्या. त्यामुळे ‘मोठा मासा, मोठं आमिष’ हा हिशेब जानेवारीत सपशेल चुकतो.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत सान हुआन नदीवर याचा पुरता प्रत्यय येतो. तिथले वाटाडे वीस-बावीस नंबरचे, कधी त्याहूनही बारीक गळ वापरतात (नंबर जितका मोठा, तितका गळ लहान). नदी निसर्गतःच अशी थंड असेल, असं पाहणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात १९६२ मध्ये नवाहो धरण पूर्ण होण्याआधी ती उन्हाळ्यात कोमट आणि गढूळ वाहायची. आता जलाशयाच्या खोलातलं गार पाणी खाली सुटतं, म्हणून तिथे वर्षभर ट्राउट मिळतो. मूळच्या कोमट पाण्यातल्या माशांना मात्र या बदलाची जबर किंमत मोजावी लागली, हेही सांगायला हवं.

सगळ्यात घातक समज उन्हाळ्याचा. हवा छान, मासा चपळ, मग दिवसभर गळ टाकायला काय हरकत? हरकत प्राणवायूची आहे. शून्य अंशाच्या एक लिटर पाण्यात साधारण १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, वीस अंशांवर जेमतेम ९. त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. वीस अंशांपुढे ट्राउटला झुंजवणं क्रूरपणाच आहे. मोंटानात पाणी सलग काही दिवस २३ अंशांच्या आसपास तापलं, तर दुपारी दोननंतर मासेमारी बंद करतात. थर्मामीटर खिशात असावा, तो यासाठी.

‘पकडून सोडला म्हणजे वाचला’ हेही अर्धंच खरं. दमवलेल्या रेनबो ट्राउटवरचा १९९२ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. पाण्याबाहेर न काढलेल्यांपैकी बारा तासांत १२ टक्के मेले. अर्धा मिनिट हवेत धरलेल्यांपैकी ३८ आणि पूर्ण मिनिटभर धरलेल्यांपैकी ७२ टक्के. एका फोटोला तेवढा वेळ सहज लागतो. हात ओले करा, मासा पाण्यातच ठेवा, उलटा काटा नसलेला गळ वापरा. कडाक्याच्या थंडीत तर हवेत कल्ल्यांवर बर्फ धरू शकतं.

शेवटचा समज आपल्याकडच्या पर्यटकांचा: नदी थंड, म्हणजे गळ कधीही टाकावा. हिमाचलात तीर्थनसारख्या नद्यांवर नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण तो विणीचा काळ. इतर महिन्यांतही परवाना लागतोच. अमेरिकेत रेनबोची वीण बहुधा वसंतात होते आणि अनेक नद्या तेव्हा खुल्या असतात. तळाच्या खड्यांत धुऊन काढल्यासारखा फिकट पट्टा दिसला, तर तिथे अंडी असतात. त्यावर पाय देऊ नये आणि तिथल्या माशावर गळ टाकू नये.